हिंगोली परिसरातील माळवदी घर : भिंत आणि खण

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा मराठवाड्याच्या माळवदी घरांच्या प्रदेशात मोडतो. दगडमातीच्या जाड भिंती व पांढऱ्या मातीचे सपाट छत हे या घराचे बाह्य रूप होय. त्यायोगे उन्हाचा दाह आत पोहोचत नाही. यास्तव भिंत हेच घराचे सर्वस्व, असा समज सहज होतो.

रचना पाहता मात्र निराळेच आढळते. छताचा भार पुष्कळदा भिंतीवर नसून लाकडी खांब व तुळया यांवर असतो. घराचे मापही खणांतच सांगतात. इंग्लंडमधील अनेक जुन्या शेतघरांतही ओक लाकडाचा सांगाडाच भार पेलतो, भिंत केवळ मधली जागा भरते, आणि घर खणांनीच मोजले जाते. तेथील छत उतरते. येथील सपाट, धान्य वाळविण्याजोगे. परंतु पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचे नवे थर चढतात व भार वाढत जातो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याचा दारुण प्रत्यय आला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भिंती ढासळून सहस्रावधी माणसे मृत्युमुखी पडली. अनेक घरांचे लाकडी सांगाडे मात्र उभे राहिले. २०२४ साली हिंगोली जिल्ह्यासही भूकंपाचे धक्के बसले. तेव्हा जुने घर राखावयाचे तर छताचा भार उतरवून, भिंत नीट बांधून, खांब-तुळयांची निगा घेणे अगत्याचे ठरते. कारण या वास्तुपरंपरेचे सत्त्व खणात आहे.