स्वमग्नता आणि कादंबरीतील निवेदक

सामाजिक संवाद, इंद्रियसंवेदना आणि ठरावीक क्रमाची ओढ या बाबतींत जन्मतः वेगळी असलेली मेंदूची घडण म्हणजे स्वमग्नता. बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवरून तिचे वर्णन केले. त्यातच पालकांच्या भावशून्यतेचीही नोंद होती, आणि पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथामुळे आईच्या अलिप्ततेमुळे मूल स्वमग्न होते हा समज इतका रूढ झाला की असंख्य मातांना नसलेल्या अपराधाचे ओझे वाहावे लागले. त्याच वर्षी क्लारा पार्क यांनी आपल्या मुलीविषयी लिहिलेल्या पुस्तकाने आईची बाजू समोर आणली. तरीही या सर्व लेखनात मूल वर्णनाचा विषयच राहिले. १९८८ च्या ‘रेन मॅन’ चित्रपटाने स्वमग्नता घराघरांत पोहोचवली खरी, परंतु विलक्षण स्मरणशक्ती हे तिचे सार्वत्रिक लक्षण आहे असा नवा गैरसमजही रुजवला.

मार्क हॅडन यांच्या २००३ मधील ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या कादंबरीत कथा सांगण्याचे काम स्विंडन येथील १५ वर्षांच्या ख्रिस्तोफरकडे आले. रेल्वे स्थानकातील पाट्यांची अक्षरे एकमेकांत मिसळून पानावर उमटतात तेव्हा, गर्दीत हा मुलगा का गोठून जातो हे वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, कारण तोही त्या पानावर काही क्षण गोंधळलेला असतो. त्याहून मोलाची आहे ती कथानकाची रचना: खोटे बोलणे ज्याला जमत नाही तो मुलगा जे पाहिले ते लिहितो, तर त्याच्याभोवतीचे ‘सामान्य’ प्रौढ त्याच्यापासून त्याच्या आईचे जिवंत असणेही लपवतात, त्यामुळे समजून घेण्यात नेमके उणे कोण, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. ही कादंबरी स्वमग्नतेचाच एक प्रकार मानल्या गेलेल्या ॲस्पर्जर लक्षणसमूहाविषयी नाही आणि आपण त्यातील तज्ज्ञ नाही, असे हॅडन यांनी पुढे स्पष्ट केले. तरी शिक्षक आणि पालक ती माहितीपुस्तकासारखी वाचत राहिले, आणि एका काल्पनिक मुलाचे स्वभावविशेष सर्वांवर लादले गेले, हा या यशाचा तोटा होय.

एका स्वमग्न मुलाची आई असलेल्या एलिझाबेथ मून यांनी ‘द स्पीड ऑफ डार्क’ या कादंबरीत उपचाराने स्वमग्नता नाहीशी करता आली तर माणूस तोच राहील काय, असा प्रश्न विचारला.

डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ मांडली. स्वमग्न आणि इतर माणसांमधील गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, एकाच बाजूच्या उणिवेतून नव्हे, असा तिचा आशय आहे. एल मॅकनिकॉल या स्वतः स्वमग्न लेखिकेच्या ‘अ काइंड ऑफ स्पार्क’ (२०२०) या बालकादंबरीत हा विचार कथेत उतरलेला दिसतो. स्कॉटलंडमधील आपल्या गावात चेटकिणी ठरवून मारल्या गेलेल्या स्त्रियांचे स्मारक व्हावे म्हणून झगडणारी ११ वर्षांची ॲडी स्वमग्न आहे, तशीच तिची मोठी बहीण कीडीही. परंतु कीडी महाविद्यालयात आपले वेगळेपण झाकून वावरते, या झाकण्याला ‘मास्किंग’ म्हणतात, आणि त्याने तिला येणारा थकवा केवळ दिसणाऱ्या वर्तनावर विसंबणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेतून सहज निसटला असता.