निकाल शंभर टक्के, पण कितींपैकी?

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात काय होतं, तुम्हाला माहितीच आहे. एसटी स्टँडसमोर फ्लेक्स झळकतो: 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा'. आज या टक्केवारीचा जरा इतिहास बघूया. त्यासाठी शंभर वर्षं मागे, सातारा जिल्ह्यात जाऊ.

टक्केवारी म्हणजे शेवटी अपूर्णांकच. वर अंश, म्हणजे पास झालेली मुलं. खाली छेद, म्हणजे परीक्षेला बसलेली मुलं. आपण सगळे अंश बघतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी आयुष्यभर काम केलं ते छेदावर.

त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. हायस्कूल असायचं शहरात नाहीतर मोठ्या गावात. फी भरायची, वर राहायचं-जेवायचं कुठे? त्यामुळे गरीब शेतकऱ्याचं, अस्पृश्य मानलेल्या घरातलं पोर सहसा तिथवर पोचायचंच नाही. नापासांच्या यादीतही त्याचं नाव नसायचं.

४ ऑक्टोबर १९१९ ला भाऊरावांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रसुद्धा.

नुसतं वर्गात आणून बसवलं की मूल शिकतं असं नाही, हेही भाऊरावांना कळत होतं. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. मग १९४० मध्ये आलं महाराजा सयाजीराव हायस्कूल. तिथं फी नव्हती. पोरांनी शेतात राबायचं, पडेल ते काम करायचं आणि शिकायचं. हीच ती 'कमवा आणि शिका' योजना. आता बघा, घरात पहिल्यांदाच पाटी हातात घेणारी मुलं भरली की निकाल घसरण्याची भीती असतेच. तरी दार उघडं ठेवलं.

आणि आज? आज शाळा गावोगावी आहेत, पण छेदाशी खेळ चालतोच. काही ठिकाणी नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून सांगतात, 'याला १७ नंबरचा फॉर्म भरायला लावा.' म्हणजे पोरगं बाहेरून बसणार आणि शाळेचा निकाल शाबूत राहणार. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात, त्यातली काही परत वर्गात येतच नाहीत. कित्येक मुलींचं लग्नच उरकून टाकतात. यातलं कुणीच शाळेच्या टक्केवारीत नापास म्हणून दिसत नाही.

शंभर टक्के निकाल वाईट असतो असं अजिबात नाही. पोरांनी, शिक्षकांनी त्यासाठी जीव ओतलेला असतो. पण पुढच्या वेळी असा फ्लेक्स दिसला तर एवढंच विचारा: ही मुलं आठवीत होती तेव्हा हजेरीपटावर नावं किती होती? उरलेली कुठे गेली?

तुमच्या वर्गातलं असं कुणी आठवलं का? असेल तर आज त्याला, तिला एक फोन नक्की करा. भेटूया पुढच्या भागात.