तोळाभर जीव

आज आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एका लहानशा प्राण्याविषयी लिहितो. जुने किल्ले, ओसाड देवळे, गुहा यांच्या अंधारात लटकणारी पाकोळी. पिंपळावरचे मोठे वटवाघूळ किलोभर भरते. हिचे वजन १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या हिशेबाने तोळाभरही नाही! (तोळा ११.६६ ग्रॅमचा, हे नातवंडांसाठी.)

शास्त्रात हिचे नाव हिपोसिडेरॉस स्पेओरिस. नाकावर पानासारखा मांसल पडदा असतो. १८०० साली श्नायडर या जर्मन पंडिताने तिचे वर्णन केले. नमुना होता तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबार या तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतला. पुढे शतकभर असेच चालले. प्राणी धरायचा, मोजायचा, नाव द्यायचे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली, तिचा पहिला अहवाल १९१२ साली निघाला, तो खानदेशचा.

वटवाघळाच्या मोजणीत वजनावर फार विसंबत नाहीत. पोट भरले की ते वाढते, मादी गाभण असली की आणखी वाढते. म्हणून कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी घेतात. या पाकोळीची ती साधारण ५ सेंटिमीटर.

पण माप म्हणजे जीवन नव्हे. ते जीवन अभ्यासले नागपूरच्या विज्ञान संस्थेतले प्राध्यापक ए. गोपालकृष्ण आणि त्यांचे विद्यार्थी यांनी. वटवाघळांचे प्रजनन हा त्यांचा अनेक वर्षांचा विषय. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला, तो चंद्रपूरच्या याच पाकोळीच्या विणीवर. त्याच सुमारास, १९८२ साली, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. ती बातमी सर्वांना ठाऊक, हा लेख कोणाला?

आता गंमत पाहा. घरातला उंदीर हिच्याहून थोडा जडच. उंदरीण तीन आठवड्यांत वीते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले देते. पाकोळी चार-साडेचार महिने गर्भ वाढवते आणि पिल्लू देते एकच. सायबेरियातले जेमतेम ७ ग्रॅमचे एक वटवाघूळ तर ४१ वर्षे जगल्याची नोंद आहे. जीव लहान म्हणजे आयुष्य लहान आणि पिलावळ मोठी, हा आपला ठोकताळा इथे चालत नाही.

हे का सांगतो? आपल्याकडे जीर्णोद्धार काढला की आधी धूर करून पाकोळ्या हाकलतात. "काय, होतील पुन्हा!" असे म्हणतात. उंदीर होतील. पाकोळ्यांची एक वसाहत उठली, तर ती भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवली होती. ते परिशिष्ट २०२२च्या दुरुस्तीने गेले. किडे खाणारी ही पाकोळी त्या यादीत कधीच नव्हती, पण धूर करणारा यादी कुठे वाचतो?

आपला मुलूख धानाचा. रात्री उडणारे पतंग, भुंगे हेच हिचे अन्न. तेव्हा गावच्या देवळाचे काम निघाले, तर दुरुस्ती जरूर करा, पण आधी वर छताकडे बघा. पिल्ले असतील तर ती उडू लागेपर्यंत थांबा. तोळाभर जिवासाठी एवढे करायला काय हरकत आहे?