गर्भाशयमुख तपासणीतील असामान्य निष्कर्ष

गर्भाशयमुखाच्या (बोलीभाषेत ‘पिशवीच्या तोंडाच्या’) चाळणी तपासणीत पेशींतील बदल, त्यांची शंका किंवा त्यांना कारणीभूत ठरणारा विषाणू आढळल्यास तो असामान्य निष्कर्ष म्हणून नोंदवला जातो. ही नोंद म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. ‘चाळणी’ हा शब्द येथे समर्पक आहे; चाळणीत उरलेले सारेच खडे नसतात.

कारण

बहुतेक बदलांमागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) असतो. लैंगिक संबंधातून पसरणारा हा संसर्ग अतिशय सामान्य असून बहुतेक स्त्रियांचे शरीर तो एक-दोन वर्षांत नाहीसा करते. तो टिकून राहिल्यास पेशी बदलू लागतात. कर्करोग होण्यास सहसा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. १६ व १८ हे प्रकार सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांशी संबंधित आहेत. संसर्ग केव्हा झाला हे चाचणीवरून कळत नाही. त्यामुळे अहवालाच्या आधारे पती वा पत्नीच्या वर्तनावर संशय घेणे निराधार ठरते.

निष्कर्षांचा अर्थ

पॅप चाचणीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘अनिश्चित’ व ‘सौम्य’ बदल पुष्कळदा आपोआप मावळतात. ‘तीव्र’ बदलांची मात्र विनाविलंब तपासणी करावी लागते. ‘अपुरा नमुना’ हा दोष नमुन्याचा असतो, स्त्रीचा नव्हे. चाचणी पुन्हा करावी लागते इतकेच. व्हीआयए पद्धतीत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात. सुमारे मिनिटभरानंतर ठळक पांढरा डाग दिसल्यास चाचणी सकारात्मक मानतात. परंतु सूजेमुळेही असा डाग उमटू शकतो.

महाराष्ट्रातील अभ्यास

टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. तपासलेल्या दर शंभर स्त्रियांत व्हीआयए सुमारे १४ जणींत, एचपीव्ही चाचणी १० जणींत, तर पॅप चाचणी ७ जणींत सकारात्मक ठरली. तीव्र बदल मात्र तिन्ही गटांत शंभरात सुमारे एकीतच आढळले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही चाचणीच्या गटातील मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. मुंबईच्या वस्त्यांतील स्वतंत्र अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या व्हीआयए तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

पुढील तपासणी व उपचार

कॉल्पोस्कोप या भिंगयंत्रातून गर्भाशयमुख पाहून गरजेनुसार बायोप्सी घेतात. सौम्य बदलांवर बहुधा केवळ लक्ष ठेवतात. तीव्र पूर्वकर्करोग बदल गोठवून (क्रायोथेरपी), उष्णतेने किंवा विद्युत तारेच्या वेटोळ्याने काढता येतात. त्यासाठी सहसा गर्भाशय काढावे लागत नाही. गर्भवतीवरील असे उपचार बहुधा प्रसूतीनंतर करतात.

राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणीची तरतूद आहे. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या दुर्गम गावांसाठी या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे. निष्कर्ष जागेवरच कळत असल्याने, साधने व प्रशिक्षित व्यक्ती उपलब्ध असल्यास योग्य रुग्णांवर त्याच दिवशी उपचार करता येतात. प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल मात्र त्या स्त्रीपर्यंत पुन्हा पोहोचवावा लागतो.