हिवतापाचे डास : जात ओळखूनच उपाय

हिवतापाचे परजीवी डासाच्या शरीरात वाहून नेले जातात, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे 20 ऑगस्ट 1897 रोजी केलेल्या निरीक्षणातून पुढे आले. तथापि सर्वच डास हा रोग पसरवीत नाहीत. तो केवळ ॲनॉफिलीस वंशातील काही जातींच्या माद्यांकडून पसरतो आणि प्रत्येक जातीचे पाणी, विश्रांतीची जागा व चावण्याची वेळ निराळी असते. नियंत्रणाचे यशापयश बहुतांशी या फरकांवर अवलंबून आहे.

ग्रामीण भारतात ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस ही जात प्रमुख वाहक आहे. भातखाचरे, कालवे व नदीपात्रातील डबकी येथे तिची पैदास होते. तिचा ओढा माणसापेक्षा गुरांकडे अधिक. रक्त शोषल्यावर ती गोठ्यात किंवा घरात भिंतीवर बसते, म्हणून भिंतींवर कीटकनाशक फवारण्याची पद्धत रूढ झाली. परजीवीची डासात वाढ होण्यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस मादी जगलीच नाही तर संक्रमणाची साखळी तुटते. मात्र फवारणीनंतर भिंत सारवली की औषध शेणामातीखाली गाडले जाते. अनेक घरांत देवघर व स्वयंपाकघर फवारणीतून वगळले जाते, तेही डासांच्या पथ्यावर पडते. शिवाय या जातीत डीडीटीसह अनेक कीटकनाशकांना प्रतिकारशक्ती आली आहे. 1965 च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली होती. 1976 मध्ये ती 64 लाखांवर गेली. प्रतिकारशक्ती हे त्यामागील एक कारण होते, एकमेव नव्हे.

शहरांतील ॲनॉफिलीस स्टीफेन्सी गच्चीवरील टाक्या, विहिरी आणि बांधकामांवरील साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढते. तिच्यासाठी घट्ट झाकण हाच खरा उपाय. मुंबईत विहिरी व टाक्या डासरोधक करण्याचा आग्रह विसाव्या शतकाच्या आरंभापासून धरला जात आहे. हीच जात 2012 मध्ये जिबूतीत आढळली आणि आफ्रिकेतील शहरी हिवतापाची चिंता वाढली.

ईशान्येकडील जंगलांत ॲनॉफिलीस बायमाई सावलीतील छोट्या डबक्यांत वाढते. ती चावून घराबाहेर निघून जाते; त्यामुळे भिंतीवरील फवारणी तिच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. झूम शेतीसाठी रानातील झोपडीत मुक्काम करणाऱ्यांना औषधयुक्त मच्छरदाणीच अधिक उपयुक्त ठरते.