"खून मीच केला, पण केस लढा"

समजा, तुम्ही वकील आहात. खटला अर्ध्यावर आलाय आणि आरोपी पिंजऱ्यातून हळूच सांगतो, खून मीच केलाय. पण केस सोडू नका, पूर्ण ताकदीने लढा. काय कराल?

चार्ल्स फिलिप्स या वकिलावर ही वेळ खरंच आली. जून १८४०, लंडनचं ओल्ड बेली कोर्ट. ७२ वर्षांच्या लॉर्ड विल्यम रसेलचा झोपेत गळा चिरला गेला होता आणि आरोपी होता त्यांचाच स्विस नोकर, कूर्व्हाझिए. पुरावा तसा कच्चा होता. पण खटला चालू असतानाच एका हॉटेलवाल्या बाईने चोरीची चांदीची भांडी आणून दिली. ती बघून हा गडी कोलमडला आणि वकिलापाशी कबुली दिली.

फिलिप्स हादरले. ते कोर्टातच बसलेल्या बॅरन पार्क या न्यायाधीशांकडे सल्ल्याला गेले. (आता बघा, अशिलाची कबुली न्यायाधीशाच्या कानावर घालणं, हेच मला सगळ्यात मोठं चुकलेलं वाटतं!) पार्क म्हणाले, आरोपीला तुम्हीच हवे असाल तर सोडता येणार नाही. पुराव्यातून निघणारे योग्य मुद्दे मांडा.

फिलिप्स तेवढ्यावर थांबले नाहीत. पोलिसांनी पुरावे पेरले असं सुचवलं, त्या बाईच्या हॉटेलवरही शिंतोडे उडवले. तरी फाशी झालीच, ६ जुलैला. गर्दीत डिकन्स आणि थॅकरे होते. पुढे कबुलीची गोष्ट फुटली आणि वर्तमानपत्रांनी फिलिप्सना सोलून काढलं. १८४९ मध्येही ते 'टाइम्स'मधून खुलासा देत होते. खरं तर, गंभीर गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलाला ज्युरीसमोर भाषण करायचा हक्कच १८३६ मध्ये मिळाला होता. हक्क नवा, हद्द कुणीच आखलेली नव्हती.

आपल्याकडे ती हद्द १८७२ च्या पुरावा कायद्यात, कलम १२६ मध्ये आहे, तीही चक्क उदाहरणं देऊन. "मी बनावट कागद केलाय, माझा बचाव करा" असं अशील म्हणाला, तर ते गुप्त राहणार, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हा नाही. पण "या बनावट कागदावर जमीन मिळवायचीय, दावा लावा" म्हणाला, तर संरक्षण संपलं. झालेला गुन्हा आणि होऊ घातलेला गुन्हा, फरक एवढाच.

१ जुलै २०२४ पासून हा कायदा गेला आणि भारतीय साक्ष अधिनियम आला. कलमाचा नंबर आता १३२. उदाहरणं जवळपास तीच.