विहिरीचे पाणी आणि बिअर

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवरायांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. भोवताली खारा समुद्र. तरी दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींस गोडे पाणी! मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने खाऱ्यावर तरंगून राहते.

पाण्याची हीच पारख युरोपातील मठवासींना बिअरसाठी करावी लागे. बिअरचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. इंग्लंडातील बर्टनच्या विहिरींत जिप्सम मुबलक. तेथली कडवट, फिकट बिअर एकोणिसाव्या शतकात जहाजांनी हिंदुस्थानात येई. बोहेमियातील पिल्सेनच्या मृदू पाण्यातून १८४२ मध्ये सोनेरी बिअर जन्मली. रसायन मागाहून उमगले. जीभ आधीच जाणत होती.

आमच्या जांभ्यातील विहिरींचे पाणीही बहुधा मृदूच, पण कोठे कोठे लोहाने तुरट. ते ढवळून रात्रभर ठेवले की गंज तळाशी बसतो; मग वरचे गाळून घ्यावे. ब्लीचिंग पावडरचा अंश उकळून घालवावा, नाहीतर बिअरला औषधाचा दर्प येतो. (१९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी बिअर करता येत नाही, हे आम्ही विसरलेलो नाही.) खारटपणा मात्र उकळून जात नाही, उलट वाढतो. आणि किनाऱ्यालगत पंपाने अखंड उपसा केला की गोडा थर आटून खारे पाणी वर सरकते. रहाटाच्या काळी विहिरीला रात्रीची विश्रांती मिळत असे.